जॅक घेताना टेप सोबत न्या

निफाड तालुक्यातल्या एका मळ्यातून कांद्याच्या 80 गोण्या भरून निघालो होतो. सप्टेंबर संपत आला होता, चाळीतला उन्हाळ कांदा काढायची घाई सुरू होती आणि आदल्या रात्री पावसाने झोडपलं होतं. डांबरी रस्ता समोर 300 मीटरवर दिसत होता. पाणंदीच्या वळणावर मागचं डावं चाक जुन्या चाकोरीत उतरलं, फट्‌ असा आवाज झाला आणि गाडी त्या अंगाला कलंडून बसली.

माझी गाडी सहा चाकी छोटा ट्रक. मागे दोन्ही बाजूंना जोडचाकं. आतलं टायर फुटलं होतं. मग सगळा भार बाहेरच्या एकट्या टायरवर आला आणि ते चाकोरीत पार रुतलं. माझ्यासोबत पुतण्या होता. आम्ही घाबरलो नाही, कारण गाडीत 20 टनांचा जॅक होता. दोन वर्षांपूर्वी घेताना दुकानदार म्हणाला होता, "दादा, मोठा घ्या, आयुष्यात पुन्हा घ्यावा लागणार नाही." मलाही पटलं होतं. गाडी भरून 7 टन, जॅक 20 टनांचा. अजून काय पाहिजे?

पुतण्या जॅक घेऊन खाली सरकला आणि तसाच परत आला. "काका, बसतच नाही."

जॅक लावायची जागा म्हणजे अ‍ॅक्सलवर जिथे पाटे बसतात, तिथली खालची पट्टी. ती जमिनीपासून 19 सेंटीमीटरवर आली होती. जॅक पूर्ण मिटलेला असताना 24 सेंटीमीटर उंच. 20 टनांची ताकद होती, पण ती गाडीखाली जाणार कशी?

मग खणणं आलं. मळ्याच्या मालकाकडून फावडं आणि टिकाव आणला. पट्टीखाली खड्डा करून जॅक बसवला आणि पुतण्या दांडा मारू लागला. जॅकचा खांब वर येताना दिसत होता, पण गाडी जागची हलत नव्हती. जरा वेळाने लक्षात आलं की जॅकच खाली चाललाय. ती निफाडची काळी कसदार जमीन. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, टिकाव मारला तरी खणखणते. पण पाऊस पडून वाफसा यायच्या आत तिच्यावर वजन ठेवलं की ती लोण्यासारखी बाजूला सरते. खाली वीट ठेवली, तिचे दोन तुकडे झाले. चाळीच्या उंबऱ्याशी पडलेली शहाबादी फरशी आणली, ती कडकन तडकली. शेवटी बाभळीची जाड फळी सापडली. ती घातल्यावर गाडी पहिल्यांदा कुरकुरली आणि वर येऊ लागली.

घरी आल्यावर मी बसून हिशोब केला. तो इथे देतोय, कारण माझ्यासारख्या चालकाला तो कुणी सांगत नाही. गाडी 7 टन. भरलेल्या गाडीचं साधारण दोन तृतीयांश वजन मागच्या अ‍ॅक्सलवर असतं, म्हणजे साडेचार टनांच्या वर. एका बाजूला त्याचं निम्मं. गाडी कललेली होती आणि चिखल चाकाला धरून होता, म्हणून 3 टन धरू. माझ्या जॅकचा तळ 12 सेंटीमीटर लांब आणि तेवढाच रुंद, म्हणजे 144 चौरस सेंटीमीटर. 3,000 किलो त्यावर वाटले तर दर चौरस सेंटीमीटरला जवळजवळ 21 किलो दाब. आता टायरचं बघा. टायर जमिनीला जेवढा दाब देतं, तो ढोबळमानाने त्याच्यातल्या हवेएवढाच असतो. माझ्या टायरमध्ये 85 पौंड हवा, म्हणजे चौरस सेंटीमीटरला 6 किलो. ज्या जमिनीला 6 किलो पेलले नाहीत, जिने टायर गिळलं, तिच्यावर मी साडेतीन पट दाब टाकत होतो. जॅक खाली जाणारच होता. तेच वजन 45 बाय 45 सेंटीमीटरच्या फळीवर पसरलं, तर दाब दीड किलोवर येतो.

पण त्या दिवशी खरा धडा अजून यायचा होता. जॅक पूर्ण उघडला तरी चाक काढता येण्याजोगी जागा होईना. त्याची उचल, म्हणजे मिटलेल्या अवस्थेपासून तो जेवढा वर जातो ती, फक्त 15 सेंटीमीटर. त्यातले 5 सेंटीमीटर फळी दाबण्यात आणि माती बसण्यात गेले. शिवाय बसलेलं चाक काढायला थोडी उचल पुरते, हवा भरलेली स्टेपनी चढवायला तिच्यापेक्षा बरीच जास्त लागते. म्हणजे दोनदा उचलणं भाग होतं. एकदा उचलायचं, अ‍ॅक्सलखाली आधार द्यायचा, जॅक मिटवायचा, त्याच्याखाली भर घालायची आणि पुन्हा उचलायचं.

मळ्याचे म्हातारे मालक तोवर बांधावर उभं राहून बघत होते. त्यांनी एक बाभळीचा ओंडका लोटत आणला आणि म्हणाले, "भाऊ, हा आधी आत सारा. मग पोराला हात घालू द्या." मी तो अ‍ॅक्सलखाली, जॅकच्या शेजारी सारला. दुसऱ्यांदा उचलताना त्याच्यावर आणखी एक ठोकळा चढवला. बाहेरचं चाक निघालं. पुतण्या आतल्या चाकाला हात घालणार, तेवढ्यात गाडी चार बोटं पुढे सरकली. जॅक तिरका झाला आणि गोफणीतून सुटावा तसा बाहेर फेकला गेला. अ‍ॅक्सल दण्णकन त्या ठोकळ्यावर येऊन बसला.

पुतण्याचा हात तेव्हा ड्रमपासून वीतभर लांब होता. तो 19 वर्षांचा आहे. आजही तो आवाज आठवला की माझ्या पोटात खड्डा पडतो.

गाडी का सरकली? मी ती गिअरमध्ये टाकली होती. पण मागचं एक चाक हवेत असलं की गिअरचा भरवसा नसतो. डिफरन्शियलचं कामच दोन चाकांना वेगवेगळं फिरू देण्याचं आहे. हवेतलं चाक उलटं फिरतं आणि जमिनीवरचं पुढे सरकतं. ज्या गाड्यांचा हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टवर असतो, त्यांचंही हेच होतं. माझी गाडी तशीच. मी दगड लावला होता, पण तो मागच्या उजव्या चाकाच्या मागे. उतार पुढच्या अंगाला होता. पुढच्या दोन्ही चाकांना, दोन्ही बाजूंनी दगड हवे होते. चूक सगळी माझी होती.

पुढच्या आठवड्यात नाशिकला जॅक घ्यायला गेलो, तेव्हा खिशात टेप आणि कागदावर तीन आकडे होते. पंक्चरवाल्याच्या सिमेंटच्या अंगणात मी ते मोजून घेतले होते. टायरमध्ये पूर्ण हवा असताना पाट्याची पट्टी 33 सेंटीमीटरवर. मागच्या एका बाजूच्या दोन्ही टायरांची हवा काढल्यावर 23. आणि स्टेपनी मोकळेपणी चढायला ती न्यावी लागते 36 पर्यंत. म्हणजे 13 सेंटीमीटरची उचल, त्यात माती बसण्याचे 5, एकूण 18. माझा जुना जॅक 23 मध्ये मावत नव्हता आणि 18 उचलत नव्हता. दोन्हीकडून चुकीचा. दोन वर्षं मी तो अभिमानाने मिरवत होतो.

आता घेतलाय तो 10 टनांचा, दोन टप्प्यांचा. त्याच्या खांबातून आणखी एक खांब निघतो. मिटल्यावर 20 सेंटीमीटर, उचल 25. भार 3 टन असताना 10 टनांचा जॅक भरपूर होतो. जेवढं उचलायचं त्याच्या दुप्पट ताकद पुरेशी धरावी, तिप्पट मिळाली तर उत्तम. त्यापुढे टनाचा आकडा वाढवला की बहुतेक वेळा अंगाची उंची आणि वजन वाढतं, आणि नेमकी तीच उंची अडचणीत नडते. आपल्या गाडीचं भरलेलं वजन आरसी बुकात लिहिलेलं असतं, अंदाज बांधायची गरज नाही. जॅकसोबत 45 सेंटीमीटरची जाड फळी, तिच्यावर टाकायला लोखंडी पत्रा, दोन ठोकळे, फावडं आणि चाकांना लावायचे चार दगड कायम गाडीत असतात.

माझ्या मेहुण्याकडे फोर बाय फोर जीप आहे. तो सह्याद्रीत पावसाळ्यात फिरतो. माझी हकिकत ऐकून तो म्हणाला, "भावोजी, तुम्ही हायलिफ्ट घ्या." तो उंच, भोकं पाडलेल्या पोलादी पट्टीचा जॅक. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या ब्लूमफिल्डची कंपनी तो 1905 पासून बनवते. मूळ ते शेतावरचं अवजार. त्याच्याकडचा 48 इंची, म्हणजे 4 फूट, वजन सुमारे 13 किलो. 36 आणि 60 इंचीही मिळतात. मी तो त्याच्या अंगणात चालवून बघितला. एवढा उंच का लागतो, ते तेव्हा कळलं. तो अ‍ॅक्सलला लागत नाही, मजबूत लोखंडी बंपरला लागतो. बंपर वर गेला की आधी पाटे सैल होतात, चाक तिथेच लोंबत राहतं आणि बरंच वर गेल्यावर जमीन सोडतं. जीपला चिखलातून काढायला तो चांगलाच आहे. पण त्याची ताकद दोन टनांच्या आसपास. माझ्या भरलेल्या गाडीची एक बाजूच त्याहून जड. शिवाय गाडी जेवढी वर जाईल तेवढा तो डुलतो, त्यामुळे केवळ जास्त उंच म्हणून 60 इंची घेणंही बरोबर नाही. उतरवताना दांडा हातातून सुटला तर जबडा फोडेल इतक्या जोराने उसळतो. मेहुण्याला मी एवढंच सांगितलं की दांड्याच्या रेषेत डोकं नेऊ नकोस.

मळ्यातून, वाडीतून, वीटभट्टीवरून माल उचलणाऱ्या माझ्या भावांनो, पुढच्या वेळी पंक्चरवाल्याकडे टायरची हवा उतरलेली असेल, तेव्हा चहाला जाण्याआधी दोन मिनिटं गाडीखाली वाका. जॅक लावायच्या जागेची जमिनीपासूनची उंची मोजा, आणि गाडीतला जॅक मिटवून शेजारी उभा करून बघा. तो मावत नसेल, तर त्याच दिवशी बदला.