बेळगावचे रेल्वे स्थानक

आम्हां अनगोळकरांना बेळगावचे रेल्वे स्थानक म्हणजे परगावचे दार. सदर्न मराठा रेल्वेने 1887 च्या सुमारास येथे मीटरगेज लोहमार्ग आणला. पुढे लोंढ्याहून कॅसलरॉकमार्गे मुरगाव बंदर गाठता येऊ लागले आणि गोव्यातील सोयऱ्यांकडील जाणे-येणे सुलभ झाले. 1924 च्या डिसेंबरात महात्मा गांधी बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते.

मात्र 1955 साली गोव्याकडील गाड्या बंद पडल्या. लेक इकडे, माहेर तिकडे, अशी कित्येक कुटुंबांची ताटातूट झाली. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाल्यावर तो मार्ग पुन्हा खुला झाला. आता ब्रॉडगेज रुळांवरून गोवा एक्सप्रेस येथून वास्कोला व दिल्लीला जाते. वाचकहो, गोव्याचे तिकीट काढताना त्या दुराव्याच्या वर्षांची आठवण ठेवावी.