ओटावाच्या तीरावरील चार रोपे

कॅनडाच्या राजधानीस जाण्याचा योग आम्हांस २०२४ सालच्या वैशाखात आला. आमचे धाकटे बंधू तेथे कित्येक वर्षे राहतात. अलीकडे वृद्ध आत्याबाईही त्यांच्याच घरी असतात. ओटावा शहर त्याच नावाच्या नदीच्या दक्षिण तीरावर वसले असून काठच्या उंच टेकडीवर पार्लमेंटची इमारत उभी आहे. पलीकडच्या तीरावर दिसते ते गातिनो शहर मात्र क्वेबेक प्रांतात मोडते. १९०१ साली खुल्या झालेल्या अलेक्झांड्रा पुलावरून पायी निघालेला मनुष्य थोडक्याच वेळात एका प्रांतातून दुसऱ्यात जातो, आणि पाट्यांवरील इंग्रजी मागे पडून फ्रेंच पुढे येते. भाषेखेरीज आणखी काय बदलते, ते मात्र आम्हांस बंधूंच्या परसात कळले.

परसात तीन कुंड्यांत कोवळी रोपे होती व चौथी कुंडी रिकामी होती. "ही टोमॅटोची का रे?" असे आत्याबाईंनी विचारताच बंधू किंचित अडखळून म्हणाले, "नाही आत्या, गांजाची आहेत." त्यानंतर चहा होईपर्यंत कोणीच बोलले नाही.

त्या देशात १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांस गांजा बाळगण्याची कायद्याने मुभा आहे व घरगुती लागवडीस चार रोपांची मर्यादा आहे. घरात माणसे दोन असोत वा बारा, रोपे चारच. एकत्र कुटुंबास अधिक सवलत नाही! ओंटारिओ प्रांतात त्यासाठी वय १९ पूर्ण असावे लागते. क्वेबेकने मात्र घरगुती लागवड पूर्णपणे मना केली असून २०२३ च्या एप्रिलमध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयानेही ती मनाई उचलून धरली. म्हणजे पुलाच्या अलीकडे जे बागकाम, तेच पलीकडे अपराध ठरते.

आत्याबाईंचा आक्षेप मात्र कायद्याचा नव्हता. त्यांचे एक काका चिलमीच्या नादाने घर सोडून गेले होते. दोनदा त्यांस शोधून आणले. तिसऱ्यांदा ते सापडले नाहीत. ही गोष्ट आमच्या घरात कधी मोठ्याने बोलली गेली नव्हती. "घरात पंधरा वर्षांचा नातू आहे, त्याला काय सांगशील?" एवढेच त्यांनी विचारले. बंधूंनी कुंड्यांभोवती कुलपाचे कुंपण घातले. पण प्रश्नास उत्तर दिले नाही. बागेची हौस असलेल्या माणसास नवे झाड लावून पाहावेसे वाटले, याहून निराळे कारण त्यांच्यापाशी नव्हते.

नवशिक्या माळ्यास त्या झाडाने बरेच शिकविले. चौथे रोप त्यांनी उतावळेपणाने मेच्या आरंभीच बाहेर ठेवले व ते एका रात्रीच्या थंडीने गेले. तेथील जाणते लोक २५ मेच्या आधीच्या सोमवारी येणाऱ्या व्हिक्टोरिया राणीच्या सुट्टीपर्यंत नाजूक रोपे बाहेर काढीत नाहीत. उरलेली तीन जूनच्या दीर्घ दिवसांत झपाट्याने वाढली. ऑगस्टमध्ये रात्र वाढू लागताच त्यांस फुलोरा आला आणि एक झाड नर निघाले. मादीच्या पेरांवर पांढरे केसर दिसतात, नराच्या पेरांवर बारीक गाठोळ्या धरतात. नराचा पराग उडाला तर मादीला बी धरते व फुलोऱ्याची प्रत उतरते, म्हणून नर उपटावा लागतो. १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनच्या अहवालात, बंगालमधील नौगाव भागात हे नर ओळखण्यासाठी 'पोद्दार' नावाचे खास जाणकार मजुरीने बोलावीत, असे वर्णन आहे. बंधूंस आपले पोद्दार आपणच व्हावे लागले.

राहिली दोन. सप्टेंबरच्या पावसाने एका दाट कणसास आतून करडी बुरशी लागली. ते कापून टाकावे लागले. फुले पक्व होण्यास आठवडाभर अवकाश असताना ऑक्टोबरमधील एका संध्याकाळी रात्री दंव गोठणार अशी सूचना आली. बंधू हताश होऊन अंगणात उभे असता आत्याबाई आतून आपली दोन जुनी लुगडी घेऊन आल्या. "झाड आहे ते. आपण लावलेले झाड थंडीने मरू देऊ नये. पुढचे तुझे तू पाहा."

लुगडी बांधण्यास नातू धावला. हात कामात असता त्याने सहज विचारले, "पणजी, तुला हे झाड का आवडत नाही?" आणि त्या थंड अंगणात आत्याबाईंनी त्यास आपल्या काकांची गोष्ट आरंभापासून सांगितली. आम्हांसही ती पुरती अशी प्रथमच ऐकावयास मिळाली. मुलाने मध्ये एक शब्द काढला नाही.

झाडे वाचली. आठवड्याने ती कापून अंधाऱ्या, हवेशीर खोलीत उलटी टांगली गेली व पुढे कुलूपबंद बरणीत गेली. बंधूंनी तिचे काय केले ते आम्ही विचारले नाही. निघताना मात्र आमच्या सामानात त्या झाडाचे पानही राहिले नाही ना, हे आम्ही दोनदा पाहिले. कारण ते तेथून सीमेपार नेणे गुन्हा आहे, आणि आपल्याकडे १९८५ च्या कायद्यान्वये परवान्यावाचून असे एक रोप लावणेही तुरुंगास कारण होते.

नंतरच्या वसंतात बंधूंचे पत्र आले. कुंड्यांत टोमॅटो लावले होते. कुंपण काढले होते. आणि लुगडी धुऊन, घडी घालून पुन्हा आत्याबाईंच्या पेटीत ठेवली होती.