पहिला बार

मराठीत 'नेम' हा शब्द दोन घरी नांदतो. एका घरी तो बंदूक रोखणाऱ्याच्या डोळ्यात असतो, दुसऱ्या घरी पहाटेचे स्नान आणि एकादशी न चुकवणाऱ्या आजीच्या दिनक्रमात. नेम धरणे आणि नेम पाळणे या दोन क्रियांचे काही नाते असेल, असे एरवी कोणाच्या मनात येत नाही. परंतु नवे रिव्हॉल्व्हर घेऊन चांदमारीवर प्रथमच उभ्या राहिलेल्या माणसाचा पहिला अर्धा तास पाहिला, म्हणजे भाषेने हे दोन अर्थ एकाच शब्दात उगीच ठेवलेले नाहीत, याची खात्री पटू लागते.

असा एखादा गृहस्थ जयपूरचा आहे, अशी कल्पना करावी. पन्नाशीचा, जोहरी बाजारात पाचूचा व्यापार करणारा. चिमट्यात खडा धरून तो उजेडासमोर फिरवताना त्याचा हात कधी हललेला नाही. दुकानातून घरी जाताना जवळ किमती माल असतो, काळ बरा नाही असे घरचे म्हणतात. म्हणून त्याने शस्त्राचा परवाना काढला आहे. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाच्या हातातले शस्त्र ही सरकारी मेहेरबानीची गोष्ट करून टाकली. स्वतंत्र भारताचा १९५९ चा कायदा त्या जागी आला, तरी परवान्याचे महत्त्व उणावले नाही. २०१६ च्या नियमांनी त्यात शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाची भर घातली. एवढे सगळे सोपस्कार पार पडल्यावर हाती आलेल्या वस्तूविषयी मालकाच्या मनात काहीसा पूज्यभाव असावा, हे स्वाभाविक आहे. महाराष्ट्रात खंडेनवमीला आणि राजस्थानात दसऱ्याला शस्त्रापुढे हळदकुंकू वाहिले जाते, तोच हा भाव. पूजेत शस्त्र देव असते आणि देवाची परीक्षा कोणी घेत नाही. चांदमारीवर मात्र परीक्षा असते, आणि ती शस्त्राची नसून हाताची आहे, हे परीक्षार्थ्याला आधी ठाऊक नसते.

नव्या रिव्हॉल्व्हरला तेलाचा वास असतो. कानपूरला बनलेले ३२ बोअरचे जुने देशी रिव्हॉल्व्हर वेब्ली या इंग्रजी घराण्यातले. खिट्टी दाबताच ते सांध्यापाशी मोडल्यासारखे उघडते आणि चक्राचे सहा खण एकदम समोर येतात. सॅम्युएल कोल्टने १८३६ साली अमेरिकेत ज्या कल्पनेचे एकस्व मिळवले, ती हीच: नळी एक, पण तिच्यामागे फिरते चक्र. एकेका काडतुसासाठी थांबावे लागणाऱ्या माणसाला त्या चक्राने एकामागून एक बार काढण्याची शक्ती दिली. मूठ हातात बसते, वजन मनगटाला जाणवते, आणि त्या वजनाबरोबर एक विलक्षण निश्चिंतता अंगात उतरते. नव्या शस्त्राविषयीचा पहिला अनुभव हा असा सुखाचा असतो, आणि तो जेमतेम पहिल्या बारापर्यंत टिकतो.

शिकवणारा कानांवर संरक्षक चढवायला सांगतो. चक्र आणि नळी यांच्यामधल्या फटीतून तप्त वायू बाजूला उसळतो, तेव्हा अंगठा तिथे नको, असे बजावतो. घोडा आधी अंगठ्याने मागे ओढून ठेवला तर चाप हलका लागतो. तसे न करता नुसता चाप ओढला, तर त्या एकाच ओढीत चक्र फिरवायचे, घोडा उचलायचा आणि सोडायचाही असतो, म्हणून ती ओढ चांगलीच जड असते. नव्या यंत्रात ती अधिकच अडखळते. मग बार होतो. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा, नळी वर उसळलेली, तळव्यात झिणझिण्या. कागदावर पाहावे तर काळ्या वर्तुळात काहीच नाही. भोक खाली, डावीकडे, कागदाच्या कडेला.

गृहस्थाचा पहिला संशय शस्त्रावर जातो. नवे आहे, माशी नीट बसवलेली नसेल. शिकवणारा वाद घालत नाही. तो रिव्हॉल्व्हर आपल्याकडे घेतो, गृहस्थाला दिसू न देता काही खणांत जिवंत काडतुसे आणि काहींत झाडलेल्या रिकाम्या पुंगळ्या भरतो, चक्र फिरवून बंद करतो आणि परत हातात देतो. आता पुढे जिवंत काडतूस आहे की पुंगळी, हे झाडणाऱ्याला कळत नाही. पहिला बार होतो. दुसऱ्या वेळी घोडा पडतो, 'टक्' एवढाच आवाज येतो, आणि न झालेल्या त्या बाराला भिऊन नळीचे तोंड चांगले दोन बोटे खाली झुकलेले सर्वांना दिसते. हादरा आलाच नव्हता. हात त्याला आधीच सामोरा गेला होता. खऱ्या बाराच्या गडबडीत ही गोष्ट झाकून जाते. रिकामा खण ती उघडी करतो. पाचू पारखणारा तो स्थिर हात आयुष्यात कदाचित प्रथमच स्वतःला पाहतो.

भीतीवर उतारा म्हणून आणलेली वस्तू पहिल्या दिवशी भीतीच दाखवते, हा या प्रसंगाचा गाभा आहे. तिथून पुढे दोन वाटा फुटतात.

त्यांपैकी पहिली वाट जयपूरच्या जयगडावर पाहायला मिळते. गडावरच्या ओतशाळेत १७२० साली, सवाई जयसिंहाच्या कारकिर्दीत, 'जयबाण' तोफ ओतली गेली. वजन सुमारे ५० टन, नळी वीस फुटांची; चाकांवरच्या तोफांत ती जगातली सर्वांत मोठी म्हणून ओळखली जाते. चाचणीसाठी ती एकदाच उडवली गेली. तो गोळा पस्तीस-एक किलोमीटरवरच्या चाकसू गावी पडला आणि तिथे तळे झाले, अशी आख्यायिका आहे. त्यानंतर जयबाण कधी उडाली नाही. पहिला बार तोच शेवटचा. पुढची तीनशे वर्षे कीर्तीची. घरोघरच्या कपाटांत कुलूपबंद असलेल्या अनेक परवानाधारी शस्त्रांचे चरित्र याहून फारसे वेगळे नसते. पहिल्या दिवशी चार-सहा बार होतात, मग वस्तू तेल लावून ठेवली जाते. वर्षे जातात तसा तिच्यावरचा विश्वास वाढतो आणि हात होता त्याहूनही अजाण होत जातो. गडावरच्या तोफेला हे शोभते, कारण तिच्यावर आता कोणाचा जीव अवलंबून नाही. उशाशी रिव्हॉल्व्हर ठेवून निजणाऱ्याला ते परवडणारे नाही. दचकून जागे झाल्यावर ते झाडणारा हात पहिल्या दिवसाचाच असतो, आणि घरात त्याची स्वतःची माणसेही असतात.

त्याच जयसिंहाची दुसरी निर्मिती अधिक विचार करायला लावते. पितळी यंत्रे लहान असतात, झिजतात, आणि त्यांतली बारीकशी चूक आकाशाच्या मापनात मोठी होते, हे ओळखून त्याने जंतरमंतरातील यंत्रे दगडचुन्यात प्रचंड आकाराची बांधली. तिथले सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे आणि सावलीवरून दोन सेकंदांपर्यंत वेळ सांगते. मूळचे महाराष्ट्रीय मानले जाणारे जगन्नाथ सम्राट हे त्याच्या ज्योतिषकार्यातले प्रमुख पंडित होते. रिव्हॉल्व्हरचे गणित नेमके याच्या उलट्या बाजूचे आहे. मागची खाच आणि पुढची माशी यांत समजा १० सेंटिमीटर अंतर आहे. तिथे माशी एका मिलिमीटरने सरकली तर १० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर चुकते, २५ मीटरवर पाव मीटर. राजाने चूक लहान करण्यासाठी यंत्र मोठे केले. खिशात मावणारे यंत्र मोठे करता येत नाही. तेव्हा सुधारायचा राहतो तो फक्त हात.

ही दुसरी वाट जयपूरच्याच जगतपुऱ्यातील शूटिंग रेंजवर दिसते. २०१२ च्या अपघाताने चाकांच्या खुर्चीला जखडलेली अवनी लेखरा २०१५ पासून तिथे रायफल शिकली. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो पॅरालिम्पिकमध्ये १० मीटर एअर रायफलमध्ये २४९.६ गुणांनी आणि २०२४ साली पॅरिसला २४९.७ गुणांनी तिने सुवर्णपदक मिळवले. तिच्या प्रशिक्षक सुमा शिरूर महाराष्ट्रातल्या. २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण मिळवणाऱ्या. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकले, तेही एका हाताने शस्त्र धरण्याच्या प्रकारात. एअर रायफलला रिव्हॉल्व्हरचा हादरा नाही आणि खेळातले पिस्तूल संरक्षणासाठी नसते, हे खरे. पण या सर्व नेमबाजांच्या सरावाचा मोठा भाग गोळीविनाच चालतो. शस्त्र उचलायचे, श्वास आवरायचा, चाप ओढायचा, पोकळ 'टक्' ऐकायचा आणि माशी हलली का ते पाहायचे. नवख्याला ज्या रिकाम्या खणाने शरमिंदे केले, त्याच रिकाम्या खणाची ही माणसे दररोज आपणहून उपासना करतात. आजीच्या नेमात आणि या नेमात मग अंतर उरत नाही.

या संदर्भात कानपूरच्या आयुध निर्माणीने जानेवारी २०१४ मध्ये आणलेल्या 'निर्भीक' रिव्हॉल्व्हरची आठवण होणे अपरिहार्य आहे. १६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील अत्याचारात बळी गेलेल्या तरुणीला माध्यमांनी 'निर्भया' म्हटले होते. त्या नावाचा संस्कार घेऊन स्त्रियांसाठी हे शस्त्र आले. वजन ५०० ग्रॅम, किंमत १,२२,३६० रुपये, आणि दागिन्यांसाठी असावी तशी मरून रंगाची पेटी. स्त्रीला सुरक्षित रस्ता हवा होता, तिला शस्त्र देऊ करणे हा तिचा अवमान आहे, असा आक्षेप तेव्हाच घेतला गेला, आणि तो दुर्लक्षण्याजोगा नाही. आणखी एक गोष्ट चांदमारीवर कळते. शस्त्र जितके हलके, तितका त्याचा हादरा हाताला अधिक. निर्भयता पेटीतून विकत आणता येत असती, तर तो रिकामा खण कोणाचेही गुपित फोडू शकला नसता.

अर्ध्या तासाने गृहस्थ थांबतो. शेवटच्या सहा बारांपैकी दोन काळ्या वर्तुळाच्या कडेला लागले आहेत, बाकीचे अजून खालीच. शिकवणारा चक्राच्या तोंडावरची काजळी दाखवतो. घरी गेल्यावर नळीत ब्रश फिरवून तेल लावायला सांगतो, आणि भोके पडलेला कागद फेकून देऊ नका म्हणतो. त्यावर आजची तारीख, अंतर आणि बारांची संख्या लिहायची असते. पुढच्या आठवड्याचा कागद त्याच्याशेजारी ठेवून पाहायचा असतो.