ब्रेकची नळी

आम्हा गोंयकारांना पायलटामागे बसायची सवय जुनी. ब्रेकच्या रबरी नळीकडे पाहायची मात्र नाही. बाहेरून धडधाकट दिसणारी नळी आतून थकते. मग लिव्हर दाबली की आधी तीच फुगते आणि चाकापर्यंत जोर कमी पोचतो. २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं खरं, पण ते फक्त चाक अडकू देत नाही. जोर पोचवायचा तो नळीनेच.

परवा माझ्या गाडीच्या नळ्या बदलल्या. लिव्हरकडून एबीएसच्या पेटीत एक, पेटीतून चाकाकडे दुसरी. तांब्याचे वायसरही नवे घातले. आत बुडबुडा राहू नये म्हणून मेकॅनिक तासभर हवा काढत बसला. चोर्ल्याच्या उतारावर मागे मुलगी बसलेली असते. तो तास मला महाग वाटला नाही.