देणगी घरात उतरते तेव्हा

कला ही परमेश्वराची देणगी आहे, असे आपण प्रवचनात ऐकतो आणि भक्तिभावाने मान डोलावतो. शेजाऱ्यांची मुलगी नाताळच्या नाटिकेत सुरेख बोलली की तिची पाठ थोपटतो, तिच्या आईवडिलांचे अभिनंदन करतो. परंतु तीच देणगी आपल्या घरात उतरली आणि ‘मला अभिनयच करायचा आहे’ असे म्हणू लागली, की आपली जीभ टाळ्याला चिकटते. गेले वर्षभर आम्ही उभयता या अवस्थेतून जात आहोत. आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांवर हा प्रसंग आज ना उद्या यायचा आहे, म्हणून हे चार शब्द.

आम्ही वाशीम जिल्ह्यातले. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. सोयाबीन आणि तूर यांच्यावर येथील संसार चालतात. वर्षातून एकदा हाती पैसा येतो आणि तोही पावसाच्या मर्जीने. अमरावती धर्मप्रांताच्या या टोकाला आपली घरे मोजकीच. त्यामुळे कोणाची मुलगी काय करते, हे साऱ्यांना ठाऊक असते.

आमच्या मुलीला अभिनयाचा नाद सिनेमाने लावला नाही, चर्चने लावला. एका प्रायश्चित्तकाळात तरुण मंडळींनी क्रूसाची वाट अभिनयाने सादर केली आणि पवित्र मरियेची भूमिका तिच्याकडे आली. चौथ्या स्थानी माता आणि पुत्र यांची भेट होते. तेथे तिला बोलायला एकही वाक्य नव्हते. ती नुसती उभी राहिली आणि पाहत राहिली. प्रार्थनेचे पुस्तक हाती धरलेल्या आमच्या आत्याबाई पुढची प्रार्थना म्हणायचेच विसरल्या. हे चार दिवसांचे वेड नाही, एवढे त्या दिवशी आम्हां दोघांना कळून चुकले. भीतीही त्याच दिवसापासून वाटू लागली.

त्या भीतीची नावे सांगितली पाहिजेत. परक्या शहरात राहायचे कोठे? रात्री-अपरात्रीच्या तालमींहून ती परतायची कशी? भूमिका कोणत्या मिळतील? कामच मिळाले नाही तर किती वर्षे वाट पाहायची, आणि त्या वर्षांचा खर्च कोणी सोसायचा? पुढे तिचे लग्न जमेल काय? आत्याबाईंनी तर एकाच वाक्यात सारे सांगितले : “पोरीच्या जातीले हे शोभते काय?”

मुलीने उत्तरादाखल इतिहासच पुढे केला. आपले वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी राजशेखर नावाच्या कवीने ‘कर्पूरमंजरी’ हे संपूर्ण प्राकृतातले नाटक लिहिले. त्याची पत्नी अवंतिसुंदरी हिच्या इच्छेवरून त्याचा प्रयोग झाला, असे नाटकाच्या प्रस्तावनेतच सांगितले आहे. त्या नाटकातील नायिका ‘वच्छोम’ नगरीतून येते, आणि वच्छोम म्हणजे वत्सगुल्म, असे विद्वान मानतात. “रंगभूमीची नायिका वाशीमची असू शकते, हे हजार वर्षांपूर्वीच ठरले आहे,” असे ती म्हणाली तेव्हा आम्हांला हसू आले. परंतु कर्पूरमंजरीला भैरवानंद नावाच्या मांत्रिकाने योगबलाने क्षणार्धात राजसभेत आणले होते. आमच्या मुलीला एस. टी.ने आणि रेल्वेनेच जायचे आहे.

मग आम्ही आमच्या धर्मगुरूंकडे गेलो. त्यांनी काही लपवले नाही. ख्रिस्तसभेचे आणि नटांचे फार काळ पटले नव्हते. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तर्तुलियनने नाटकांविरुद्ध एक ग्रंथच लिहिला. त्या काळी नटाला बाप्तिस्मा हवा असेल तर आधी धंदा सोडावा लागे. फ्रान्सचा थोर नाटककार आणि नट मोलिएर १६७३ साली वारला, तेव्हा त्याला ख्रिस्ती दफन नाकारले गेले; राजाकडे रदबदली झाल्यावर रात्रीच्या अंधारात त्याला मूठमाती मिळाली. आणि त्याच ख्रिस्तसभेने १९७८ साली एका जुन्या नटाला पोपपदी बसवले!

पोलंडमधील वादोवित्से या लहान गावात १९२० साली जन्मलेला कारोल वोयतिवा हा मुलगा शाळेपासून नाटकात रमलेला. आठ वर्षांचा असताना आई गेली, पुढे थोरला भाऊ गेला. सेवानिवृत्त लष्करी अधिकारी असलेल्या वडिलांनी त्याला वाढवले. १९३८ साली तो भाषा आणि साहित्य शिकण्यासाठी क्राकुफ शहरात आला. वर्षभरात जर्मनांनी देश गिळला, विद्यापीठ बंद पाडले. कारोल दगडाच्या खाणीत आणि पुढे रसायनांच्या कारखान्यात राबू लागला. १९४१ साली त्याच्या गावच्याच गुरूने गुप्तपणे एक नाट्यमंडळी उभारली. कोणाच्या तरी घरात, मोजक्या लोकांपुढे, नेपथ्याशिवाय, केवळ शब्दांच्या बळावर ते प्रयोग होत. पकडले गेले असते तर छळछावणीच वाट्याला आली असती. १९४२ साली कारोलने धर्मगुरू होण्याचा मार्ग धरला. हेच आपले संत दुसरे जॉन पॉल.

“पण सोडलंच ना त्यानं नाटक शेवटी!” आत्याबाईंनी मुद्दा काढला. फादर हसले. म्हणाले, “आत्याबाई, प्रयोग सोडले, नाटक सोडले नाही. साहाय्यक महागुरुस्वामी झाल्यावरही १९६० साली त्यांनी टोपणनावाने ‘सोनाराचे दुकान’ या अर्थाच्या नावाचे नाटक छापले. आणि १९९९ साली पोप या नात्याने जगातील कलावंतांना पत्र लिहिले.” आत्याबाई गप्प झाल्या. त्यांचे समाधान झाले, असे मात्र आम्ही म्हणणार नाही.

आमच्या मनातला प्रश्न शिक्षणाचा होता. अकलूजच्या रिंकू राजगुरूचे उदाहरण आम्हांला तेथे उपयोगी पडले. आईवडील दोघेही शिक्षक. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’साठी ६३व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला, तेव्हा ती शाळकरी मुलगी होती. एप्रिल २०१६मध्ये चित्रपट आला आणि गर्दीमुळे तिला नियमित शाळेत जाणेही अवघड झाले. तरी तिने बाहेरून बसून दहावी दिली, ६६.४० टक्के मिळवले. २०१९ साली बारावीला ८२ टक्के. लोकांच्या ध्यानात तिचा दरारा राहिला, आमच्या ध्यानात हे आकडे राहिले.

आणि शोभण्या-न शोभण्याचे उत्तर शेजारच्या यवतमाळ जिल्ह्याने दिले. शेतकरी पतीने आत्महत्या केल्यावर राजूरच्या वैशाली येडे ‘तेरवं’ या नाटकात उभ्या राहिल्या, आपल्यासारख्याच बायांचे दुःख रंगमंचावरून बोलल्या. जानेवारी २०१९मध्ये यवतमाळच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांच्या हस्ते झाले. हे वाचून दाखवले तेव्हा आत्याबाई बराच वेळ पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या.

अखेर आम्ही उभयतांनी आणि मुलीने बसून काही गोष्टी ठरवल्या. आधी पदवी. ही आमची लहर नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी पदवी तर लागतेच, शिवाय नाटकांत काम केल्याचा अनुभवही लागतो. तोवर महाविद्यालयाच्या एकांकिका आणि हौशी राज्य नाट्य स्पर्धा, जेथे संधी मिळेल तेथे तिने काम करावे. दिल्लीचे जमले नाही तर पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आहे. तिच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेली रक्कम तीन वर्षांच्या राहण्या-जेवणासाठी वापरावी, असे आम्ही सुचवले. ही सूचना तिच्या आईची. ते ऐकून मुलगी आनंदली नाही, घाबरली. “आणि मला नाहीच जमलं तर?” तिने विचारले. तिची आई म्हणाली, “तर घर आहे. ते काही आपण खर्च करत नाही.”

भूमिकांविषयी आम्ही तिला यादी दिली नाही. दुष्ट बाईची भूमिका करणे पाप नव्हे. पिलाताचे सोंग घेणारा नसेल तर क्रूसाची वाट उभी राहत नाही. कोणत्या कामाला ‘नाही’ म्हणायचे, हे दर वेळी आम्हांला विचारून ठरणार नाही. ते तिच्या सदसद्विवेकबुद्धीने ठरवावे लागेल, आणि ती बुद्धी घडवण्याचा आमचा वेळ बहुतांशी संपला आहे. रविवारची मिस्सा चुकवू नकोस, एवढेच सांगितले.

सध्या ती पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे काय होईल ते परमेश्वर जाणे. धर्मग्रामांच्या चालकांना मात्र एक विनंती : सण-उत्सवांतील नाटिका ‘मुलांचा वेळ जातो’ म्हणून बंद करू नका. खेड्यापाड्यांतल्या मुलांना दुसरा रंगमंच नसतो. आणि ज्यांच्या घरी अशी देणगी उतरली असेल, त्यांनी आपल्या प्रार्थनेत आमच्या मुलीची आठवण ठेवावी. आम्हीही त्यांच्या मुलांची ठेवू.