गिरणगावाचे अंगण

गावाकडून पाहुणा आला की त्याला समुद्र, म्हातारीचा बूट आणि राणीची बाग दाखवायची, हा आमच्या लालबाग-परळकडचा जुना रिवाज. त्यातली पहिली दोन ठिकाणे पाहुण्यांची. बाग मात्र घरची! पुढे राणी गेली, बागेला जिजामातेचे नाव मिळाले. पण लोकांच्या तोंडी अजून 'राणीची बाग'च आहे.

१९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते भायखळ्याची ही बाग खुली झाली. १८७३ साली ती नगरपालिकेकडे आली. मूळ मान झाडांचा, वाघ-हत्ती नंतरचे. बुंध्याचे पिंप झालेली गोरखचिंच, तांबड्या झुंबरांची उर्वशी, अशी देशोदेशींची झाडे येथे शेजाऱ्यांसारखी नांदतात. बाजूच्या वस्तुसंग्रहालयाच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. १८६४ साली त्याला विलायतेला न्यायला निघाले, तो उचलताना कोसळून फुटला आणि मुंबईकरच राहिला!

बागेचे खरे मोल कळायचे ते चाळीत राहणाऱ्याला. दहा बाय दहाची खोली, माणसे सात-आठ, कुणी दिवसपाळीला, कुणी रातपाळीला. नव्या जोडप्याने मनातले दोन शब्द बोलावेत कुठे? म्हाताऱ्याने पाय मोकळे करावेत कुठे? रविवारी पुरी-भाजीचा डबा घेऊन सारे बिऱ्हाड येथे यायचे. १९८२ च्या संपानंतर काम सुटलेली माणसे भरदुपारी येथे सावलीला बसलेली मी पोरवयात पाहिली आहेत. कसलीही चौकशी न करता झाडांनी त्यांना बसू दिले. औषधाच्या बाटलीत न मिळणारे असे काही सार्वजनिक बागेत मिळते, ते हेच.

आता गिरण्यांच्या जागी मनोरे आहेत. २०१६ साली बागेत पेंग्विन आले आणि पुढच्याच वर्षी पाच रुपयांचे तिकीट पन्नासांवर गेले. पेंग्विनांशी माझे भांडण नाही. पोरांचे हसू मोलाचेच. पण शिळोप्याच्या गप्पांना येणाऱ्या माणसाला दारात खिसा चाचपावा लागला, तर ती बाग कसली? ते प्रेक्षणीय स्थळ! प्रेक्षणीय स्थळ माणूस एकदा पाहतो. अंगणात मात्र रोज येऊन बसतो. ज्यांच्या घराला अंगण नाही, त्यांचे हे अंगण आहे, एवढे कारभाऱ्यांनी ध्यानी ठेवले तरी पुरे.