गाडी हवेवर उभी असते

गेल्या महिन्यात मी माझ्या गाडीची सोळा इंची अलॉय चाकं उतरवली आणि माळ्यावर ठेवलेल्या चौदा इंची लोखंडी रिम पुन्हा बसवून घेतल्या. बिल्डिंगमधल्या दोघातिघांनी विचारलं, "मॅडम, चोरीला गेली की काय?" चोरीला गेली नाहीत. माझं मत बदललं. चार वर्षं ज्या चाकांची बाजू घेऊन मी भांडले, ती मीच काढली, तेव्हा त्याचं कारणही मीच सांगायला हवं.

सगळ्यात जास्त भांडले ते अण्णांशी, माझ्या वडिलांशी. ते एसटीत चालक होते, चिपळूणला राहतात. लहानपणी डेपोत जायचे तेव्हा पाहिलेलं एक दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. गाडी काढण्याआधी अण्णा हातात लोखंडी टॉमी घेऊन एकेका टायरवर ठोकत फिरायचे आणि कान देऊन ऐकायचे. टणक आवाज आला की पुढच्या चाकाकडे. बद्द आवाज आला की तिथंच थांबायचे. मग कितीही उशीर होवो, हवा भरल्याशिवाय गाडी हलायची नाही.

मी कराडला गणित शिकवते. गाडी छोटी हॅचबॅक, मूळ टायर १६५/८० आर १४. दुकानदाराने १९५/५५ आर १६ सुचवले. टायर रुंद, पकड घट्ट, आणि गाडी दिसेल कशी! मी आकडेमोड करून पाहिली. १६५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के टायरची बगल उंच आहे ते, आणि १४ हा रिमचा व्यास इंचांत. मधला 'आर' रेडियल या बांधणीचा. त्याला रेडियस समजणारे पुष्कळ आहेत, मीही समजत होते. हिशेबाने जुन्या आणि नव्या, दोन्ही चाकांची एकूण उंची ६२० मिलिमीटरच्या आसपास आली. स्पीडोमीटर चुकणार नाही, चाक कुठे घासणार नाही. उत्तर जुळलं आणि मी निर्धास्त झाले. अण्णा एवढंच म्हणाले, "रबर किती राहिलं बघ." मी बघितलं नाही.

ते गणित दोन ओळींचं होतं. १६५ चे ८० टक्के १३२. १९५ चे ५५ टक्के १०७. रिम आणि रस्ता यांच्यामध्ये असलेली उंची एका इंचाने घटली होती. खड्ड्यात चाक आदळतं तेव्हा हाच भाग दबतो आणि धक्का गिळतो. त्यातला एक इंच मी पैसे मोजून काढून टाकला होता.

गेल्या जुलैत आई आणि लेकीला घेऊन चिपळूणला निघाले होते. हेळवाकच्या पुढे पाऊस इतका, की वायपर पुरेनात. पाण्याने भरलेला खड्डा दिसलाच नाही. डावीकडची दोन्ही चाकं त्यात गेली. पुढच्या अलॉयच्या कडेला बोटभर तडा गेला आणि हवा फुसकन उतरली. मागच्या टायरच्या बगलेला लिंबाएवढा फुगा आला. स्टेपनी एकच. पाटणकडून आलेल्या एका जीपवाल्याने भर पावसात ती पुढे लावून दिली आणि तो फुगा घेऊन मी कुंभार्ली घाट उतरले. वीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. मागून आईचा जप ऐकू येत होता. त्या तासाभरात मला माझ्या सुंदर चाकांचा जेवढा राग आला, तेवढा आयुष्यात कशाचाच आला नसेल.

अण्णांनी त्या फुग्यावर हात ठेवला. म्हणाले, "आतले दोरे तुटलेत. आता हवेला नुसत्या रबराने धरलंय." मग बऱ्याच वेळाने म्हणाले, "गाडी हवेवर उभी असते, बाळ. रबर ही तिची पिशवी."

हे वाक्य मी कागदावर करून पाहिलं. माणसांसकट गाडी १,२०० किलो धरली, तर एका चाकावर ३०० किलो. माझ्या गाडीच्या दारावर कंपनीने दिलेला हवेच्या दाबाचा आकडा ३३ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.३ किलो. भागाकार केला की १३० चौरस सेंटिमीटर येतात. जेमतेम एक पोस्टकार्ड! अशा चार पोस्टकार्डांवर माझी आई आणि माझी लेक घाट उतरल्या होत्या.

मग मला आदल्या वर्षीचा मे महिना आठवला. पाच माणसं आणि सामान घेऊन आम्ही पंढरपूरला गेलो होतो. उन्हाळ्यात टायर फुटतात म्हणून मी मुद्दाम हवा २६ वर आणली होती. वाटेत चहाला थांबलो तेव्हा टायरवर हात ठेवला आणि चटका बसून मागे घेतला. मला वाटलं, ऊन. पण उन्हाइतकंच ते माझं काम होतं. हवा कमी असली की टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, पुन्हा उठतो, आणि या वाकण्यातूनच तो तापतो. जास्त वजन आणि वेग मिळाला की असाच टायर फुटतो. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मुभा आहे. तिथे कमी हवेने जाणाऱ्याला हे कुणीतरी आधी सांगायला हवं. प्रवासात तापून दाब चार-पाच पॉइंट वाढतो, ती वाढ कंपनीने धरलेली असते. दारावरचा आकडा थंड टायरचा असतो, तापलेल्या टायरची हवा कधीच काढायची नसते.

अलॉय वाईट असं माझं म्हणणं नाही. हौस असेल तर मूळ मापाचं घ्या, किंवा त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी जे माप देते तिथवर जा. टायरचा भार-निर्देशांक, म्हणजे तो किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नको. बगलेवरचे चार आकडे वाचा: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात बराच काळ पडून राहिलेला टायर नवा म्हणून घेऊ नका.

आता ड्रॉवरमध्ये गेज आहे. दर रविवारी सकाळी, गाडी हलवण्याआधी, मी चारही चाकं तपासते, आणि पाचवं स्टेपनीचं. पहिल्या रविवारी स्टेपनीत फक्त १४ भरली. घाटात तीच आम्हाला खाली घेऊन आली होती, आणि तिच्याकडे मी चार वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात अण्णा आले होते. जिना चढण्याआधी त्यांनी गाडीला एक फेरी मारली, मुठीने मागच्या टायरवर ठोकलं आणि कान दिला. आवाज टणक आला. ते काही बोलले नाहीत, पुढच्या चाकाकडे गेले.